केरीची ‘मोरी’: एका खुज्या देवमाशाची ओळख पटवण्याचे प्रकरण

गोव्याच्या उत्तर टोकाला, तिरकोल नदीच्या मुखालगत केरीचा किनारा आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस, यांत्रिक मासेमारी १ जूनपासून बंद होण्याला थोडेच दिवस उरले असताना, तिथल्या रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांना, पहाटे कमरेएवढ्या पाण्यात एक काळसर प्राणी गोल फिरताना दिसला. त्याचे तोंड डोक्याच्या खालच्या अंगाला होते आणि डोळ्यामागे चंद्रकोरीसारखी एक फिकट रेघ होती, जी पाहणाऱ्याला कल्ल्याची फट वाटावी. किनाऱ्यावर जमलेल्या सगळ्यांनी त्याला मोरी म्हटले. मोरी म्हणजे शार्क, आणि तोंड व ‘कल्ला’ पाहता हा निष्कर्ष मुळीच भोळेपणाचा नव्हता. माझा एक माजी विद्यार्थी मात्र जवळ गेला होता. त्याने फोनवर मला जे सांगितले त्यातून या प्रकरणाची सुरुवात झाली: “सर, सगळे मोरी म्हणतात, पण मोरी न्हय ही. ही श्वास सोडते, मी ऐकला.”

मी पेडणे तालुक्यात बरीच वर्षे प्राणिशास्त्र शिकवले असून किनाऱ्यावर वाहून आलेल्या प्राण्यांच्या नोंदी ठेवतो. हे टिपण त्या एका प्राण्याची जात कशी ठरली, मध्यंतरी ती चुकीची कशी ठरत होती आणि चूक कुठे सापडली, एवढ्यापुरते आहे. ते लिहून ठेवावेसे वाटले, कारण आपल्या किनाऱ्यावर अशा प्राण्याची पहिली नोंद बहुधा ‘डॉल्फिन’ या एकाच शब्दात उरकली जाते. त्या दिवशीही तसेच झाले होते.

पहिला तास

मी पोहोचलो तेव्हा रापणकारांनी त्या प्राण्याला दोनदा खोल पाण्याकडे वळवले होते आणि तो दोन्ही वेळा परत आला होता. दुसऱ्या खेपेस त्याच्या मागच्या अंगातून गडद तांबूस-तपकिरी द्रव बाहेर पडला आणि आजूबाजूचे पाणी गढूळ झाले. लोकांना ते रक्त वाटले. एका वयस्क रापणकाराने मात्र शांतपणे म्हटले की रक्त असे पसरत नाही, हे माकुलाच्या शाईसारखे आहे. माकूल व माणकी हे मऊ अंगाचे समुद्री जीव संकटात शाई सोडतात हे ज्याने आयुष्यभर जाळ्यात पाहिले आहे त्याच्या तोंडचे हे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते, कारण देवमाशांमध्ये अशी ‘शाई’ सोडणारा एकच गट आहे. त्याला कोगिया म्हणतात. या गटातील प्राण्यांच्या आतड्याच्या शेवटच्या भागात एक पिशवीसारखा फुगवटा असून त्यात सुमारे बारा लिटरपर्यंत तांबूस-तपकिरी द्रव साठू शकतो. शार्क किंवा मोठा देवमासा अंगावर आला की प्राणी तो सोडतो आणि त्या ढगाआड खोल बुडी मारतो. कमरेएवढ्या पाण्यात बुडी मारायला जागा नव्हती.

दुपारच्या आत प्राणी मेला. वन खात्याचे कर्मचारी आणि पशुवैद्य आले तोवर बरीच गर्दी जमली होती आणि तिच्यातील काहींना ‘व्हेलची उलटी’ पोटात सापडेल काय याचीच उत्सुकता होती. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सर्व देवमासे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित असून मेलेल्या प्राण्याचा दातसुद्धा वन खात्याच्या परवानगीशिवाय उचलणे गुन्हा आहे. आम्ही केलेले प्रत्येक मोजमाप आणि घेतलेला प्रत्येक नमुना त्या परवानगीनेच घेतला.

कोणता नव्हे

शेपटी आडवी होती, त्यामुळे मासा किंवा मोरी असण्याचा प्रश्न लगेच मिटला. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते, तर देवमासे व डॉल्फिन यांची शेपटी आडवी असून वर-खाली हलते. पण गोव्याच्या पाण्यात नेहमी दिसणाऱ्या कुबड्या डॉल्फिनला लांब चोच असते आणि याचे डोके पुढून जवळजवळ चौकोनी, बोथट होते. आपल्याकडच्या दुसऱ्या परिचित प्राण्याला, म्हणजे पर नसलेल्या पॉर्पॉइजला, पाठीवर परच नसतो, आणि याला तो ठळक होता.

फोनवरून छायाचित्रे पाहून दोन जाणकारांनी ‘पिग्मी किलर व्हेल’ आणि ‘मेलनहेडेड व्हेल’ अशी नावे सुचवली. बोथट डोके, अडीच मीटरच्या आतली लांबी आणि गडद रंग एवढेच पाहिले तर ही नावे सुचणे स्वाभाविक आहे. मात्र त्या छायाचित्रांत तोंडाची खालची बाजू नव्हती. पिग्मी किलर व्हेलला दोन्ही जबड्यांत जाड दात असतात आणि मेलनहेडेडला प्रत्येक ओळीत वीस-पंचवीस बारीक दात असतात. या प्राण्याचा खालचा जबडा अरुंद, आखूड आणि डोक्याच्या टोकापासून बराच मागे सरकलेला होता, आणि त्यातले दात सुईसारखे बारीक, आत वळलेले होते. अशी ठेवण स्पर्म व्हेल या दात असलेल्या महाकाय देवमाशाच्या घराण्यात असते. थोरल्या स्पर्म व्हेलचे पिल्लू म्हणावे तर तेही शक्य नव्हते, कारण त्याचे नवजात पिल्लूच सुमारे चार मीटरचे असते. श्वासरंध्र डोक्याच्या मध्यरेषेवर नसून डावीकडे होते, डोळ्यामागे तो खोटा कल्ला होता, आणि शाई तर आम्ही पाहिलीच होती. म्हणजे हा कोगिया, याबद्दल दुपारीच शंका उरली नाही.

खरी अडचण इथून पुढे होती. कोगियाच्या मान्य जाती दोन आहेत, ब्रेविसेप्स आणि सिमा. इंग्रजीत पहिलीला पिग्मी आणि दुसरीला ड्वार्फ स्पर्म व्हेल म्हणतात, आणि मराठीत या दोन्ही शब्दांचे भाषांतर ‘खुजा’ असेच होते. त्यामुळे मराठी बातमीत ‘खुजा स्पर्म व्हेल’ असे आले तर कोणता ते कळायला मार्गच राहत नाही. शास्त्रीय नावांचे अर्थ घेतले तर हा घोळ टळतो. ‘ब्रेविसेप्स’ म्हणजे आखूड डोक्याचा आणि ‘सिमा’ म्हणजे नकटा. मी माझ्या नोंदवहीत ‘आखूडडोक्या’ आणि ‘नकटा’ असे लिहितो. ही नावे रूढ नाहीत, पण ती दोघांना वेगळे ठेवतात.

मोजमाप आणि त्यातली चूक

नकटा साधारण २.७ मीटरपर्यंत वाढतो आणि आखूडडोक्या साडेतीन मीटरच्या घरात जातो. त्यामुळे तीन मीटरचा प्राणी असता तर लांबीनेच निकाल लागला असता. सव्वादोन मीटरचा प्राणी मात्र प्रौढ नकटा असू शकतो, तसाच अर्धवट वाढलेला आखूडडोक्याही असू शकतो. म्हणून ओळख प्रमाणांवर ठरते आणि त्यांतली दोन प्रमाणे सर्वांत उपयोगी आहेत. पहिले प्रमाण पाठीवरच्या पराच्या उंचीचे. नकट्यात ती एकूण लांबीच्या ५ टक्क्यांहून जास्त असते आणि पर पाठीच्या मध्याजवळ असतो, तर आखूडडोक्यात पर बुटका, ५ टक्क्यांहून कमी उंचीचा आणि मध्याच्या मागे सरकलेला असतो. दुसरे प्रमाण डोक्याच्या टोकापासून श्वासरंध्रापर्यंतच्या अंतराचे. ते एकूण लांबीच्या १०.३ टक्क्यांहून जास्त असेल तर आखूडडोक्या, आणि त्यापेक्षा कमी असेल तर नकटा.

भरती चढत होती. प्राणी पाण्यात अर्धा बुडालेला असतानाच दोन विद्यार्थ्यांनी शिंप्याची टेप घेऊन घाईने मापे घेतली आणि मी ती वहीत उतरवली. एकूण लांबी २३६ सेंमी, डोक्याच्या टोकापासून श्वासरंध्रापर्यंत २५ सेंमी, पराची उंची १५.५ सेंमी. तिथेच वाळूवर बसून मी भागाकार केला. पर ६.६ टक्के आला, म्हणजे नकटा. श्वासरंध्राचे अंतर १०.६ टक्के आले, म्हणजे आखूडडोक्या. एकाच प्राण्याची दोन मापे दोन वेगळ्या जाती सांगत होती.

अशा वेळी मनाला पटणारे माप धरून दुसरे सोडून देण्याचा मोह होतो, आणि मला तो झाला हे इथे नोंदवतो. श्वासरंध्राचे अंतर हे हाडांशी जोडलेले, म्हणून जास्त भरवशाचे, आणि पराची उंची व्यक्तीगणिक बदलू शकते, असा युक्तिवाद मी मनाशी केला आणि वहीत ‘ब्रेविसेप्स’ असे लिहिलेही. पण सूर्य मावळायला वेळ होता. रापणकारांनी प्राणी ताडपत्रीवर घेऊन दोरांनी भरतीच्या रेषेच्या वर, सुरूच्या झाडांखाली ओढून ठेवला होता. त्यामुळे पुन्हा मोजता आले, आणि ते मोजणे झाले नसते तर वहीत चुकीची जात राहिली असती.

लहान देवमाशांच्या मोजमापाची सर्वमान्य पद्धत १९६१ मध्ये अमेरिकेतील सस्तनप्राणी अभ्यासकांच्या समितीने केनेथ नॉरिस यांच्या पुढाकाराने छापून प्रसिद्ध केली, आणि तिचा गाभा असा की लांबीची मापे शरीराच्या अक्षाला समांतर, सरळ रेषेत घ्यायची, अंगावरून टेप फिरवून नव्हे. आमच्याकडे टेप अंगावरून फिरली होती. दुसऱ्या वेळी आम्ही प्राण्याला पोटावर सरळ ठेवले, डोक्याच्या टोकाला आणि शेपटीच्या दोन पाळ्यांमधल्या खाचेला लागून वाळूत दोन काठ्या उभ्या रोवल्या आणि त्यांच्यामध्ये टेप ताणली. श्वासरंध्रासाठी तिसरी काठी त्याच्या बाजूला, पहिल्या काठीच्या समांतर रोवली. पराची उंची सुताराचा काटकोन्या पायथ्याशी टेकवून घेतली.

लांबी २२१ सेंमी भरली, श्वासरंध्राचे अंतर १९.५ सेंमी आणि पर आधीइतकाच १५.५ सेंमी. आता श्वासरंध्राचे प्रमाण ८.८ टक्के आणि पराचे ७.० टक्के आले. पराची पुढची मुळी डोक्याच्या टोकापासून ९८ सेंमीवर, म्हणजे ४४ टक्क्यांवर होती. तिन्ही मापे आता नकट्याकडे झुकली.

या चुकीचा आकार थोडा बारकाईने पाहण्यासारखा आहे. टेप अंगावरून फिरवल्याने सगळीच मापे सारख्या प्रमाणात फुगली असती तर टक्केवारी बदलली नसती आणि चूक निरुपद्रवी ठरली असती. पण पाठ लांबट आणि जवळपास सपाट असते, त्यामुळे एकूण लांबी सुमारे ७ टक्क्यांनीच वाढली. डोके मात्र पुढून उभे आणि वरून गोल असल्याने टेप त्या वळणावरून चढत गेली आणि श्वासरंध्राचे अंतर २८ टक्क्यांनी फुगले. पर मुळातच सरळ मोजला होता, त्याला काहीच झाले नाही. म्हणजे चूक नेमकी त्या एका प्रमाणात साठली, ज्याच्यावर जातीची ओळख टेकलेली होती. बोथट डोक्याच्या प्राण्यांत ही चूक नेहमी एकाच दिशेने, आखूडडोक्याच्या बाजूने, होणार. अंगावरून मोजलेल्या जुन्या नोंदींत ब्रेविसेप्स असे नाव दिसले की तेव्हापासून मी ती नोंद पुन्हा तपासतो.

दात आणि कवटी

तोंड उघडल्यावर खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला नऊ दात मोजले. नकट्यात साधारण सात ते बारा जोड्या असतात आणि आखूडडोक्यात बहुधा बारा ते सोळा, क्वचित दहापर्यंत उतरतात. त्यामुळे नऊ ही संख्या नकट्याच्या बाजूची होती. पशुवैद्यांनी हातमोज्याचे बोट वरच्या हिरडीवरून फिरवले तेव्हा पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक बारीक टोक लागले. वरच्या जबड्यात असे एक ते तीन जोड्या अपुरे दात नकट्यात सापडतात आणि आखूडडोक्यात सहसा नसतात. छायाचित्रात हे टोक मुळीच दिसत नाही, ते बोटालाच कळते. गळ्यावर काही आखूड सुरकुत्याही होत्या. प्राणी मादी होती.

पोटात माणकी-माकुलांच्या चोचींचा लगदा निघाला. चोच हा या जीवांचा न पचणारा भाग असल्याने देवमाशाच्या जठरात ती साठून राहते. कोगिया खंड-उताराच्या, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ संपून खोल उतरतो तिथल्या, पाण्यात शिकार करतात, आणि गोव्यासमोर तो उतार किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास लांब आहे. केरीच्या वाळूपर्यंत येण्याआधी या मादीने केवढे उथळ पाणी ओलांडले असेल, हा विचार त्या संध्याकाळी मनातून जात नव्हता.

शेवटचा पुरावा पावसाळ्यानंतर मिळाला. वन खात्याच्या परवानगीने धड पुरताना डोके नायलॉनच्या जाळ्यात गुंडाळून वेगळे पुरले होते, म्हणजे बारीक हाडे आणि दात विखुरणार नाहीत. ऑक्टोबरात ते काढले. कोगियाची कवटी पाहिलेला माणूस ती विसरत नाही. सर्व देवमाशांत सर्वांत आखूड मुस्कट याचेच, वरची बाजू पसरट पातेल्यासारखी खोलगट, तिच्यात वाकडीतिकडी उभी भिंत, आणि डावी-उजवी बाजू इतकी असमान की हातात धरल्यावर कवटी पिळवटल्यासारखी वाटते. तिची लांबी २८ सेंमी भरली. नकट्याच्या प्रौढ कवटीची लांबी साधारण २६ ते ३० सेंमी असते आणि आखूडडोक्याची ३९ सेंमीच्या पुढे. खालच्या जबड्याच्या दोन फाकी पुढे जिथे जुळतात तो सांधा ४१ मिमी होता आणि खालून सपाट होता. आखूडडोक्यात हा सांधा साडेआठ सेंमीहून लांब असतो आणि त्याच्या खालच्या बाजूला होडीच्या कण्यासारखी धार असते. कवटीवरील सांधे बऱ्यापैकी जुळून आलेले होते, म्हणजे हे मोठ्या जातीचे पिल्लू नव्हते. इथे ओळखीचे काम पुरे झाले: कोगिया सिमा, नकटा.

नावाच्या मागे एक शतक

केरीच्या वाळूवर आमचा जो गोंधळ एका दुपारी झाला, तो विज्ञानात शंभर वर्षे चालला होता, आणि त्याचे मूळ आपल्याच देशात आहे. आखूडडोक्याचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेनव्हिल यांनी १८३८ मध्ये केप ऑफ गुड होपहून आलेल्या कवटीवरून केले. पुढे विशाखापट्टणमजवळ वॉल्टेअर येथे मिळालेला एक प्राणी मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी वॉल्टर इलियट यांनी जतन केला, आणि त्यावरून रिचर्ड ओवेन यांनी १८६६ मध्ये ‘सिमस’ (आजचे सिमा) ही जात मांडली. इतर अभ्यासकांना ती फारशी पटली नाही. लहान प्राणी म्हणजे पहिल्याच जातीचे कमी वाढलेले नमुने, असे मानून दोघांना एकच धरले जाऊ लागले. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतील चार्ल्स हँडली यांनी कवट्या, दात आणि पर यांची मापे शेजारी-शेजारी ठेवून १९६६ मध्ये दोन जाती वेगळ्या असल्याचे दाखवले. योगायोग असा की आज दोनापावल येथे असलेली आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था त्याच वर्षी स्थापन झाली.

वॉल्टेअरच्या त्या नमुन्याला आजही महत्त्व आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात अटलांटिकमधला नकटा आणि हिंदी-प्रशांत महासागरांतला नकटा हे एकमेकांपासून बरेच दूर गेलेले आढळले, इतके की त्या कदाचित दोन जाती असाव्यात. तसे ठरले तर नियमाप्रमाणे जुने नाव मूळ नमुन्याच्या ठिकाणच्या प्राण्याकडे राहते. म्हणजे ‘सिमा’ हे नाव आपल्या समुद्रातल्या प्राण्याचेच राहील आणि अटलांटिकवाल्याला दुसरे नाव घ्यावे लागेल. केरीच्या मादीच्या कातडीचा व स्नायूचा तुकडा आम्ही तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवला तो याचसाठी. फॉर्मॅलिनमध्ये ठेवला असता तर त्यातून जनुकद्रव्य काढणे फार अवघड झाले असते.

समुद्रात जिवंत कोगिया पाहिलेली माणसे फार थोडी. पाणी अगदी शांत असेल तेव्हा तो ओंडक्यासारखा निश्चल तरंगतो, फवारा जवळजवळ दिसत नाही, आणि होडी जवळ आली की शिडकावा न करता खाली जातो. त्याचा आवाजही सुमारे १३० किलोहर्ट्झचा, म्हणजे माणसाच्या ऐकण्याच्या मर्यादेच्या सहापटीहून उंच असल्याने साध्या ध्वनिमुद्रकात तो येतच नाही. म्हणून या जातीविषयीचे बहुतेक ज्ञान किनाऱ्यावर आलेल्या अशाच प्राण्यांतून आलेले आहे, आणि त्यातील प्रत्येक प्राणी कुणीतरी पहिल्या तासात काय टिपले त्यावर अवलंबून असतो.

त्यानंतर रापणकारांना आणि किनाऱ्यावरच्या जीवरक्षक मुलांना मी एवढेच सांगतो. प्राणी जिवंत असेल तर त्याच्या श्वासरंध्रात पाणी व वाळू जाऊ देऊ नका, शेपटीला धरून ओढू नका आणि वन खात्याला ताबडतोब कळवा. मेलेला असेल तर हातमोज्याशिवाय हात लावू नका. दुरून, नेमके एका कुशीकडून, पाठीवरच्या परासह संपूर्ण अंगाचे एक छायाचित्र घ्या. दुसरे वरून, श्वासरंध्राचे. तिसरे तोंडाच्या खालच्या अंगाचे. शेजारी एखादी काठी ठेवा आणि ती काठी जपून ठेवा, तिची लांबी नंतर मोजता येते. शाईचा रंग पाण्यात दिसला असेल तर तो वेळेसह लिहा, कारण तो काही मिनिटांत विरतो आणि नंतर कुणाला सांगितला तर लोक रक्तच म्हणतात.

पहिल्या नोंदीतला ‘डॉल्फिन’ हा शब्द दुरुस्त करून घेण्यासाठी मोजमापाचा तक्ता, दातांची छायाचित्रे आणि कवटीची मापे जोडून अर्ज द्यावा लागला. दुरुस्ती झाली. माझ्या वहीच्या त्या पानावर खोडलेले ‘ब्रेविसेप्स’ मी तसेच ठेवले आहे. त्याच्या खाली लिहिले आहे: कोगिया सिमा, मादी, सरळ लांबी २२१ सेंमी, केरी, पेडणे, आणि समासात, शाई प्रथम ओळखणाऱ्या त्या रापणकाराचे नाव.